आइव्झ, चार्ल्स एडवर्ड
(२० ऑक्टोबर १८७४–१९ मे १९५४). आधुनिक अमेरिकन संगीतरचनाकार. यूरोपीय अभिजात संगीताच्या चौकटीतून अमेरिकन संगीताला बाहेर काढणारा पहिला महत्त्वाचा रचनाकार म्हणून तो ओळखला जातो. त्याने जन्मभर उपजीविका केली ती विम्याच्या व्यवसायावर. त्याच्या बहुतेक महत्त्वाच्या रचना १९०० ते १९२० या दोन दशकांत आकारास आल्या. परंतु त्या श्रोत्यांच्या कानी पडू लागल्या त्या १९३० नंतर, आणि काही तर त्याच्या मृत्यूनंतरच. लेखन आणि श्रवण यांतील या दीर्घ अंतरामुळे त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप करणे अभ्यासकांना आजही सोपे झालेले नाही.

कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी या टोप्यांच्या उत्पादनाकरिता प्रसिद्ध असलेल्या गावी त्याचा जन्म झाला. वडील जॉर्ज आइव्झ (१८४५–९४) हे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्यात बँडप्रमुख होते. युद्धानंतर गावी परतून त्यांनी बँड चालविला, संगीताच्या शिकवण्या केल्या, चर्चमधील गायनाची जबाबदारी सांभाळली. व्यापारी आणि सावकारी पेशाच्या या घराण्यात वाजंत्र्याचा धंदा करणारा मुलगा ही फारशी प्रतिष्ठेची बाब नव्हती. उत्तरायुष्यात जॉर्ज यांना कुटुंबाशी संबंधित असलेल्या बँकेत नोकरी पत्करावी लागली. वडिलांची ही ओढाताण मुलाने जवळून पाहिली होती. पुढे संगीतावर पोट न भरण्याचा जो निर्णय त्याने घेतला, त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

जॉर्ज यांचे कान मात्र विलक्षण जिज्ञासू होते. नेहमीच्या स्वरांमधील सूक्ष्म अंतरे वाजविता यावीत म्हणून त्यांनी तारा ताणून एक खटाटोपी वाद्य तयार केले होते. दोन बँड परस्परविरुद्ध दिशांनी वेगवेगळ्या चाली वाजवीत आले, की ते जवळ येताना आणि दूर जाताना काय ऐकू येते, हेही त्यांनी पाहिले. मुलाला एका स्वरात गाणे म्हणावयास सांगून ते स्वतः भलत्याच स्वरात साथ करीत. भारतीय श्रोत्याला याची कल्पना अशी करता येईल : गायकाचा षड्ज पांढरी चारचा आणि पेटीवाल्याचा काळी एकचा, आणि तरीही दोघांनी आपापला सूर न सोडता गाणे शेवटास न्यायचे. कानाला ताण पडावा, त्याला आपल्या सवयीबाहेरचे ऐकता यावे, हा यामागील हेतू होता. पाश्चात्त्य संगीतात पुढे ‘बहुस्वरकेंद्री’ म्हणून मान्यता पावलेली रचनापद्धती आइव्झला अशी घरगुती खेळातून मिळाली. दुसरा एक संस्कार त्याहून खोल ठरला. धर्ममेळाव्यांत एक पाथरवट बेसूर, पण जीव ओतून गात असे. त्याच्या आवाजाच्या दोषांकडे लक्ष न देता त्याच्या चेहऱ्याकडे पाहा, खरे संगीत तेथे आहे, असे जॉर्ज सांगत. सामान्य माणसांच्या गाण्यातील चुकांना संगीतात स्थान देण्याची आइव्झची वृत्ती या शिकवणुकीतून आली.

वयाच्या चौदाव्या वर्षी तो पगारी चर्च-ऑर्गनवादक झाला. ‘अमेरिका’ या राष्ट्रगीतवजा धुनेवर त्याने १८९१ च्या सुमारास ऑर्गनसाठी रचलेली चलने खोडकर आहेत. त्यांचे प्रकाशन १९४९ मध्ये झाले. बेसबॉलमध्येही तो तरबेज होता आणि पियानोवादनापेक्षा त्या खेळातील कौशल्य सांगण्यात त्याला अधिक भूषण वाटे. संगीत हा पुरुषाला न शोभणारा नाद आहे, या त्याच्या गावातील समजुतीचे ओझे त्याने जन्मभर वाहिले. नाजूक, गोड वाटणाऱ्या संगीतावर त्याने उत्तरायुष्यात जे शेरे मारले, त्यांत एक प्रकारचा आडदांडपणा आहे आणि तो आज वाचवत नाही.

१८९४ मध्ये त्याने येल विद्यापीठात प्रवेश घेतला. काही आठवड्यांतच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, वडिलांचा अकाली मृत्यू झाला. हा आघात त्याला कधीच पूर्णपणे पचविता आला नाही. येल येथे त्याला होरेशिओ पार्कर हा म्यूनिक येथे शिकलेला, जर्मन परंपरेत मुरलेला गुरू लाभला. आइव्झने पुढे पार्करविषयी काहीसे तिरकस लिहिले आहे. शिष्याची पहिली सिंफनी एका स्वरकेंद्रावरून दुसऱ्यावर वारंवार उडी घेते, म्हणून पार्करने ती दुरुस्तीसाठी परत केली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तथापि मोठ्या वाद्यवृंदाचे लेखन, दीर्घ रचनेची बांधणी आणि कारागिरीची शिस्त त्याला पार्करकडूनच मिळाली, हे त्याच्या पहिल्या दोन सिंफनी पाहता मान्य करावे लागते. वडिलांच्या स्मृतीपुढे गुरूचे श्रेय त्याने कमी लेखले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

१८९८ मध्ये बेताच्या गुणांनी पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला गेला आणि म्यूच्युअल लाइफ या विमा कंपनीत कारकून म्हणून लागला. ऑर्गनवादनाची नोकरी सुरुवातीस चालू होती. एप्रिल १९०२ मध्ये द सेलेस्टियल कंट्री ही त्याची समूहगायनाची मोठी रचना सादर झाली. पार्करच्या वळणावर गेलेल्या या रचनेचे वृत्तपत्रांनी सौम्य, निरुत्साही स्वागत केले. त्यानंतर लवकरच त्याने चर्चची नोकरी सोडली आणि व्यावसायिक संगीतजीवनाशी असलेला संबंध तोडला. त्याने संगीत सोडले असा याचा अर्थ नव्हे. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, आगगाडीतून जाता-येता तो लिहीतच राहिला. फक्त कोणाला ऐकविण्याचे बंधन आता उरले नव्हते.

विमाव्यवसायातील त्याची कामगिरी स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या चौकशीत विमा कंपन्यांचे अनेक गैरव्यवहार उघडकीस आले आणि सबंध धंद्याची पत घसरली. या वातावरणात जूल्यन मायरिक या सहकाऱ्याबरोबर त्याने १९०७ मध्ये स्वतंत्र एजन्सी काढली. १९०९ पासून ‘आइव्झ अँड मायरिक’ या नावाने ती म्यूच्युअल लाइफसाठी काम करू लागली आणि काही वर्षांतच देशातील अग्रगण्य एजन्सींत तिची गणना होऊ लागली. एजंटांना पद्धतशीर शिक्षण देणारे वर्ग त्याने सुरू केले. एखाद्या कुटुंबाला नेमक्या किती रकमेचा विमा हवा, हे उत्पन्न आणि गरजा यांवरून काढण्याची रीत त्याने एका पुस्तिकेत मांडली; ती या क्षेत्रात दीर्घ काळ वापरात होती. विमा म्हणजे अनेकांनी एकाचे ओझे वाटून घेणे, असे तो मानीत असे. धंदा आणि संगीत यांनी परस्परांना पोसले, हे त्याचे म्हणणे होते. वस्तुस्थिती इतकी सोपी नव्हती. दुहेरी जीवनाचा ताण त्याच्या प्रकृतीवर पडला आणि एकाकी लेखनामुळे आपली रचना प्रत्यक्ष वाजताना ऐकून ती सुधारण्याची संधी त्याला क्वचितच मिळाली.

१९०८ मध्ये हार्टफर्डचे धर्मोपदेशक जोसेफ ट्विचेल यांची कन्या हार्मनी हिच्याशी त्याचा विवाह झाला. ट्विचेल हे मार्क ट्वेनचे निकटचे स्नेही होते. हार्मनी शिक्षणाने परिचारिका होती. ती कविता लिहीत असे आणि तिच्या काही शब्दांना त्याने चाली दिल्या आहेत. पतीचे संगीत कोणालाही उमगत नसताना तिने त्यावर शंका घेतली नाही. या दांपत्याने ईडिथ या मुलीस दत्तक घेतले होते. विवाहानंतरची दहा वर्षे ही आइव्झच्या प्रतिभेची सर्वांत सुपीक वर्षे होत.

याच काळातील थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड या वाद्यवृंदरचनेतून त्याची रीत स्पष्ट होते. पहिला भाग बॉस्टन येथील एका स्मारकशिल्पावर आहे. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणीचे आणि तिचा सेनानी रॉबर्ट शॉ याचे हे स्मारक. कूच करणाऱ्या पावलांचा ठोका आणि जुन्या गीतांचे तुटक अवशेष यांतून येथे एक संथ, जड शोक निर्माण होतो. दुसऱ्या भागात राष्ट्रीय सणाची सहल आणि तीत निरनिराळ्या लयींत एकमेकांवर आदळणारे बँड आहेत. वडिलांचा डॅनबरीतील प्रयोग येथे कलारूप पावला आहे. तिसरा भाग विवाहानंतर लगेच पतिपत्नींनी हूसॅटॉनिक नदीकाठी मारलेल्या एका फेरीचे स्मरण आहे. धुके, पाण्याचा अखंड प्रवाह आणि पलीकडच्या चर्चमधून येणारे गायन हे तीन थर तंतुवाद्ये परस्परांशी न जुळणाऱ्या लयींत विणतात, आणि त्यांतून स्तोत्राची एक धून हळूहळू वर येते.

परिचित धुनांचा असा वापर हे त्याच्या संगीताचे सर्वांत ठळक लक्षण होय. स्तोत्रे, कवायतीची गीते, नाटकमंडळ्यांची गाणी, महाविद्यालयीन विडंबने, बेथोव्हनची स्वरवाक्ये अशी नाना प्रकारची सामग्री तो घेतो. पण ती सरळ उद्‌धृत करीत नाही. धून मोडली जाते, अर्धवट आठवते, दुसरीत मिसळते आणि पुष्कळदा रचनेच्या शेवटीच पूर्ण रूपात प्रकटते. जे. पीटर बर्कहोल्डर या अभ्यासकाने या उसनवारीचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बारकाईने वर्गीकरण केले आहे. ज्या श्रोत्याला त्या मूळ धुना ठाऊक नाहीत, त्याच्यापर्यंत या संगीताचा एक मोठा अंश पोहोचत नाही, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. आपल्याकडील श्रोत्याला आरतीची वा लावणीची ओळ कानी पडताच जे आठवते, ते परक्याला कसे आठवावे?

द अनॲन्स्वर्ड क्वेश्चन (१९०८ च्या सुमारास) ही लहानशी रचना या अडचणीपासून मुक्त आहे, आणि म्हणूनच कदाचित ती जगभर सर्वाधिक वाजविली जाते. दृष्टीआड बसलेली तंतुवाद्ये अतिशय मंद लयीत शांत स्वरसमूह धरून ठेवतात. त्यांच्यावर ट्रंपेट एक छोटी, कोणत्याही स्वरकेंद्रात न बसणारी स्वरावली वाजविते. हा अस्तित्वाचा प्रश्न होय. सुषिर वाद्यांचा एक लहान गट उत्तर देऊ पाहतो. दर खेपेस त्याचा उतावीळपणा वाढतो आणि शेवटी तो चिडून प्रश्नाची टिंगल करतो. ट्रंपेट सात वेळा विचारते, उत्तर सहाच वेळा येते. सातव्या प्रश्नानंतर फक्त तंतुवाद्यांची शांतता उरते. तिन्ही गट स्वतंत्र लयींत चालतात. ही रचना प्रथम १९४६ मध्ये सादर झाली.

विचाराने आइव्झ हा एमर्सन, थोरो प्रभृतींच्या अतिशायीवादी परंपरेतील होता. उपनिषदे व भगवद्‌गीता यांच्या अनुवादांचा संस्कार झालेली ही विचारधारा. गांधीजींमुळे थोरो महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित नाही. या मंडळींच्या गावाचे नाव दिलेला ‘काँकर्ड’ सोनाटा हा आइव्झचा पियानोसाठीचा सर्वश्रेष्ठ ग्रंथच म्हणावा लागेल. एमर्सन, हॉथॉर्न, ऑल्कट कुटुंब व थोरो असे त्याचे चार भाग आहेत. त्याचे बरेचसे लेखन मात्रांच्या रेघांविना आहे. ‘हॉथॉर्न’मध्ये एका ठिकाणी १४ ३/४ इंच लांबीची लाकडी पट्टी काळ्या पट्ट्यांवर हलकेच दाबून स्वरांचे पुंजके काढावयाचे असतात, ‘थोरो’च्या अखेरीस, मिळाल्यास, बासरीवादकाने साथ द्यावी अशी सूचना आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतील चार स्वरांचे सुप्रसिद्ध वाक्य सबंध सोनाट्यात निरनिराळ्या वेषांत येते. एमर्सनचा भाग कधी पुरा झालाच नाही असे त्याला वाटे आणि छापील प्रतीवरही तो पाठभेद लिहीत राहिला.

पहिल्या महायुद्धाने त्याच्या आशावादाला तडा गेला. मे १९१५ मध्ये ल्यूसिटेनिया हे प्रवासी जहाज बुडाल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या एका स्थानकावर तो गाडीची वाट पाहत होता. खाली रस्त्यावर कोणी तरी एका स्तोत्राची धून पेटीवर वाजवू लागला आणि फलाटावरील हमाल, बँकवाले, मजूर असे सारेच हळूहळू ती गाऊ लागले. गाडी आली, गर्दी आत शिरली, गाणे विरले. हा प्रसंग त्याने दुसऱ्या ऑर्केस्ट्रल सेटच्या अंतिम भागात जसाच्या तसा उभा केला आहे. शहरी जमावाच्या सामुदायिक दुःखाचे इतके थेट संगीतचित्र त्या काळातील दुसऱ्या कोणा अमेरिकन रचनाकाराने काढल्याचे दिसत नाही.

ऑक्टोबर १९१८ मध्ये तो गंभीर आजारी पडला. हृदयविकार व पुढे मधुमेह यांमुळे त्याची शक्ती खालावत गेली. आजारातून उठताच त्याने विखुरलेले लेखन एकत्र करून स्वखर्चाने छापले : काँकर्ड सोनाटा व त्यासोबतचे निबंध (१९२० च्या सुमारास) आणि ११४ गीतांचा संग्रह (१९२२). या प्रती त्याने संगीतकारांना व ग्रंथालयांना फुकट पाठविल्या. बहुतेकांनी दुर्लक्ष केले, काहींनी चेष्टा केली. ती गीते मात्र त्याच्या कर्तृत्वाचे सर्वांत वैविध्यपूर्ण दालन आहेत. भाबडी घरगुती गाणी आणि दणदणीत नाट्यगीते त्यात शेजारीशेजारी आहेत. पावस्वरांवर आधारलेल्या, दोन पियानोंसाठीच्या तीन रचना १९२३-२४ मधील आहेत. त्यानंतर झरा आटला. १९२६ च्या सुमारास एके दिवशी तो डोळ्यांत पाणी आणून जिना उतरला आणि आता काहीच सुचत नाही, काहीच बरोबर वाटत नाही, असे म्हणाला, ही आठवण हार्मनीने सांगितली आहे. पुढील जवळजवळ तीन दशकांत त्याने नवी मोठी रचना पूर्ण केली नाही. १९३० च्या आरंभी तो व्यवसायातूनही निवृत्त झाला.

नेमक्या याच वेळी तरुण पिढीला त्याचा शोध लागला. रचनाकार हेन्री कॉवेल याने आपल्या नियतकालिकातून चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग १९२९ मध्ये छापला. निकलस स्लोनिम्स्की याने थ्री प्लेसेस जानेवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व त्याच वर्षी पॅरिस येथे सादर केले. दोन बँडांच्या जागी तो दोन हातांनी दोन वेगळे ताल देई. न्यूयॉर्कच्या त्या कार्यक्रमात कार्ल रगल्झच्या रचनेची हुर्यो करणाऱ्या श्रोत्याला आइव्झने जागच्या जागी उठून दटावले. स्वतःच्या रचनेची टवाळी त्याने निमूट ऐकून घेतली होती. १९३२ मध्ये एरन कोपलंडने पियानोची साथ करून त्याची सात गीते साराटोगा स्प्रिंग्ज येथील महोत्सवात ऐकविली. जॉन कर्कपॅट्रिक याने अनेक वर्षांच्या मेहनतीनंतर काँकर्ड सोनाटा जानेवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाजविला, तेव्हा लॉरेन्स गिलमन या समीक्षकाने कोणाही अमेरिकनाने रचलेले हे सर्वश्रेष्ठ संगीत असल्याचा निर्वाळा दिला. कॉवेलचे नियतकालिक, मुद्रणे, मैफली यांमागे आइव्झचा पैसा होता. तो त्याने गाजावाजा न करता दिला. कॉवेलला १९३६ मध्ये तुरुंगवास झाला, तेव्हा मात्र त्याने या मित्राशी संबंध तोडले. सुटकेनंतर काही काळाने ते पुन्हा जुळले.

तिसरी सिंफनी लू हॅरिसन याने १९४६ मध्ये प्रथम सादर केली आणि तिला १९४७ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले. पारितोषिके मुलांसाठी असतात, असे म्हणून आइव्झने रकमेचा अर्धा भाग हॅरिसनला देऊन टाकला. फेब्रुवारी १९५१ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकने दुसरी सिंफनी वाजविली. लिहिल्यानंतर सुमारे अर्धशतकाने. हार्मनी सभागृहात होती. आइव्झ गेला नाही. प्रक्षेपण त्याने रेडिओवर ऐकले. शस्त्रक्रियेनंतर आलेल्या झटक्याने न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. चौथी सिंफनी संपूर्ण स्वरूपात एप्रिल १९६५ मध्ये लिओपोल्ड स्टोकॉव्हस्कीने सादर केली. तिच्यातील परस्परभिन्न लयी सांभाळण्यास दोन साहाय्यक संचालकांची मदत घ्यावी लागली.

आइव्झच्या अग्रगामित्वाबद्दल १९८७ मध्ये मोठा वाद उद्‌भवला. स्ट्राव्हिन्स्की व शनबर्ग यांच्या आधी किंवा त्यांच्या संगीताचा परिचय नसताना त्याने हे प्रयोग केले, अशी तोवरची समजूत होती. मेनर्ड सॉलोमन याने हस्तलिखितांवरील नोंदींच्या आधारे असा संशय मांडला, की आइव्झने रचनांच्या तारखा मुद्दाम मागे ढकलल्या आणि विसंवादी स्वर नंतर भरले. एलियट कार्टर या रचनाकाराने तरुणपणी आइव्झला जुन्या रचनांत असे स्वर वाढविताना पाहिल्याचे आधीच सांगितले होते. त्यानंतर गेल शेरवूड प्रभृतींनी संगीतलेखनाच्या कागदांचे प्रकार व आइव्झच्या हस्ताक्षरातील कालपरत्वे झालेले बदल तपासले. त्यावरून काही रचना त्याने सांगितल्यापेक्षा काही वर्षे अलीकडच्या ठरल्या, अनेकांवर दीर्घकाळ फेरफार झाल्याचे दिसले. परंतु पद्धतशीर बनावटीचा आरोप टिकला नाही. वास्तविक ज्या माणसाने रचना कधी पुरी झाली असे मानलेच नाही, त्याच्या बाबतीत एकच एक तारीख मागणे हाच प्रश्नाचा चुकीचा आकार आहे. पियानोवर पट्टी दाबणारा पहिला कोण, यापेक्षा त्या पट्टीतून हॉथॉर्नचे स्वप्नजग उभे राहते की नाही, हे ऐकणे अधिक महत्त्वाचे आहे.

आइव्झची हस्तलिखिते येल विद्यापीठात आहेत. कर्कपॅट्रिकने १९६० मध्ये त्यांची पहिली सूची केली. जेम्स सिंक्लेअर याची विस्तृत सूची १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हार्मनीने त्याच्या रचनांचे मानधन अमेरिकन अकॅडमी ऑफ आर्ट्‌स अँड लेटर्स या संस्थेच्या स्वाधीन केले. त्यातून १९७० पासून तरुण संगीतरचनाकारांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. वेस्ट रेडिंग येथील घरातील त्याची अभ्यासिका तिच्या सामानासह न्यूयॉर्क येथे याच संस्थेच्या वास्तूत हलवून २०१४ मध्ये पुन्हा मांडण्यात आली.